वहीतली एक काडी

नमस्कार श्रोतेहो.

बोरिवली पूर्वेला, राष्ट्रीय उद्यानापासून जवळच आमची सोसायटी आहे. आम्ही पाच-सहा जण रोज सकाळी आवारात दिसलेले पक्षी एका वहीत लिहितो. तळमजल्यावरच्या आजी, लेकीला शाळेच्या बसवर सोडायला आलेला बाबा, रात्रपाळी संपवून निघालेले वॉचमनकाका. कावळा, साळुंकी, तांबट, दयाळ. रोज तेच ते काय लिहायचं, असं कितीतरी जणांनी मला विचारलंय.

मार्चच्या सुरुवातीला वहीत एक ओळ आली. वॉचमनकाकांनी सांगितलेली, आजींनी लिहिलेली: 'मागच्या पर्जन्यवृक्षावर पावशा, चोचीत काडी.' आता पावशा, म्हणजे आपला 'पेर्ते व्हा' म्हणणारा, कोकिळेच्या कुळातला. तो घरटं बांधतच नाही, सातभाईंच्या घरट्यात अंडं घालून मोकळा होतो. मग काडी कशाला? दुर्बीण लावली. बाकदार चोच, लाल डोळे, छातीवर तांबूस आडव्या रेघा. शिक्रा, म्हणजे छोटा शिकारी पक्षी! पावशाचं रूप शिक्र्याशी इतकं मिळतं की छोटे पक्षीसुद्धा फसतात, आमचं काय. पण त्या एका काडीमुळे घरटं सापडलं, आणि पुढे वहीत रोज शिक्र्याची ओळ पडू लागली. पावसाळ्याआधीची फांद्यांची छाटणीही त्या झाडापुरती पुढे ढकलली.

मेच्या अखेरीस एका सकाळी कावळ्यांनी गलका केला. जास्वंदीखाली शिक्र्याचं एक पिल्लू, नुकतंच उडायला लागलेलं, पंख पसरून पडलेलं. पंखात मांजा रुतला होता. संक्रांतीपासून फांदीत अडकलेला नायलॉनचा मांजा. त्यावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी तो येतो, आणि तो कुजत नाही.

कुणी वाटीत दूध आणलं, कुणी पाणी. सगळ्यांच्या मनात दयाच होती, पण श्रोतेहो, जखमी पक्ष्याच्या चोचीत काही ओतू नका. ते श्वासनळीत जातं. रुतलेला मांजा ओढू नका, बाहेर लोंबणारा दोरा तेवढा कात्रीने कापा. शिकारी पक्ष्याच्या चोचीपेक्षा नख्यांना जपा. वरून जाडसर टॉवेल टाका, अलगद उचला आणि भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा. हा पक्षी डोळ्यांवर जगणारा, अंधार झाला की त्याची धडपड थांबते. मग वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा. मोबाइलवर फोटो काढत त्याच्याभोवती उभं राहणं, हे मात्र मनापासून टाळा.

आम्ही तेच केलं. न्यायला आलेल्यांनी पहिला प्रश्न विचारला, घरटं माहीत आहे का? आजींनी वही पुढे केली. झाड, फांदी, पिल्लं दोन, घरट्याबाहेर कधी आली तो दिवस. घरटं सोडल्यावरही काही आठवडे आईबापच पिल्लाला भरवतात, म्हणून त्याला त्याच्याच झाडाशी परत आणणं किती महत्त्वाचं, ते तेव्हा कळलं.

हाड शाबूत होतं, कातडी तेवढी कापली गेली होती. तोवर आम्ही आंबे उतरवायची आकडी घेऊन झाडावरचा हाताला लागेल तेवढा मांजा काढला. मोठा गुंडाळा निघाला.

आठवड्याने खोकं त्याच झाडाखाली उघडलं. पिल्लू खालच्या फांदीवर जाऊन बसलं. वरून 'टिट्-टुई' अशी हाक आली. संध्याकाळी वॉचमनकाका ड्युटीवर आले, तेव्हा एक मोठा शिक्रा पाल घेऊन त्या फांदीवर उतरत होता. त्या दिवशीची ओळ त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली: 'शिक्रा, चार.'