शिक्का आणि पाकीट

पडद्यावरच्या या खाऊच्या पाकिटाच्या कोपऱ्यात हिरवा गोल शिक्का आहे. त्यात अरबीत एकच शब्द, हलाल, म्हणजे इस्लामनुसार खायला चालणारं. पण पाकीट तपासणारं हे बोट तिथं थांबत नाही. पाकीट उलटं करून ते मागच्या बारीक अक्षरांवरून सरकतं. ई ४७१, म्हणजे चरबीपासूनचा पदार्थ. ती वनस्पतीची की जनावराची, हे आकड्यावरून कळत नाही. पुढे जिलेटिन. बोट अडलं.

ही फिकट पिवळी पूड म्हणजे तेच जिलेटिन. कातडी आणि हाडं आधी आम्लात नाहीतर चुन्यात मुरवतात. मग गरम पाण्यात त्यांतलं कोलेजन नावाचं प्रथिन सुटतं. ते गाळायचं, आटवायचं, थंड करून वाळवायचं आणि दळायचं. हातात येतं ते असं: वास नाही, चव नाही. डुकराचं की गाईचं, जीभ सांगू शकत नाही. प्रयोगशाळेलाही कष्ट पडतात, कारण एवढ्या प्रक्रियेतून डीएनएचे तुकडेच उरतात. म्हणून तपासनीस उलट्या वाटेनं जातो. कातडी कुठून आली, जनावर कसं कापलं, याच यंत्रावर आधी काय चाललं होतं? वस्तूचं रूपच पालटलं तर मूळची नापाकी उरते का, यावर उलेमांचं, म्हणजे इस्लामी धर्मपंडितांचं, एकमत नाही. फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मनियमांच्या शास्त्रात, या पालटाला इस्तिहाला म्हणतात.

एवढी काटेकोर चौकशी. आणि आता ही ट्रॉली बघा, काठोकाठ भरलेली. प्रत्येक पाकिटावर शिक्का आहे, एकही वस्तू हराम, म्हणजे निषिद्ध, नाही.

कुराणातल्या सूरह (अध्याय) अल-बकराची १६८ वी आयत नुसतं हलाल म्हणत नाही, ‘हलाल आणि तय्यिब’ म्हणते. तय्यिब म्हणजे चांगलं, निर्मळ. त्याचा शिक्का कुठं दिसला नाही. सूरह अल-आराफची ३१ वी आयत तर थेट आहे: खा, प्या, पण इसराफ करू नका. इसराफ म्हणजे हद्द सोडणं, आणि हे बजावणं हलाल ताटासमोर बसलेल्यालाच आहे. दुसरा शब्द तबज़ीर. त्याच्या मुळाशी बी फेकणं आहे, मूठभरून, कुठंही. असं उधळणाऱ्यांना सूरह अल-इसरा सैतानाचे भाऊ म्हणते. शिक्का तपासताना आपण घटक वाचतो, ट्रॉली मात्र कुणी वाचत नाही.

उरलेलं अर्थातच कचऱ्यात जातं.

हा डबा चित्रीकरणाच्या शेवटच्या दिवशी टिपला. वरची तीन पाकिटं फोडलेलीसुद्धा नाहीत.