फियाट की ॲम्बॅसेडर? पन्हाळ्याच्या चढाचा हिशेब

(सकाळ. शिवाजी उद्यमनगर. शटर वर जाण्याचा आवाज.)

लेथ अजून सुरू व्हायचाय. मेस्त्रींनी चहाचा ग्लास फियाटच्या बॉनेटवर ठेवलाय. शेजारच्या ॲम्बॅसेडरचं बॉनेट एवढं फुगीर, की त्यावरून ग्लास घसरतो.

कागदोपत्री ही प्रीमियर पद्मिनी. 1974 साली तिचं हे बारसं झालं, पण कोल्हापुरात ती फियाटच राहिली. मूळ इटलीची, बांधणी मुंबईत कुर्ल्याला. ॲम्बॅसेडर मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला ती थेट 2014 पर्यंत बनत होती.

(इंजिन जवळून.)

फियाटचं इंजिन 1089 सीसी, ताकद सुमारे 40 हॉर्सपॉवर. ॲम्बॅसेडरचं 1489 सीसी, ताकद सुमारे 50. पुढं तिला डिझेल आणि इसुझूचं इंजिनही मिळालं, पण आपल्यासमोर आहे ती जुनी पेट्रोल.

एवढं ऐकून कट्ट्यावरची मंडळी लगेच ॲम्बॅसेडरच्या बाजूनं कौल देतात. जरा थांबा, वजनं बघू. फियाट 900 किलोच्या आसपास, ॲम्बॅसेडर 1100 च्या. भागाकार केला तर दोन्हीकडं एका घोड्याच्या वाट्याला साधारण 22 किलो. खासबागेत ही कुस्ती बरोबरीत सोडली असती.

पण पन्हाळ्याला रिकामी गाडी नेतंय कोण?

पाच माणसं बसवा. प्रत्येकी 70 किलो धरलं. तालमीतली असतील तर तुम्हीच वाढवा. झाले 350 किलो. आता फियाटच्या घोड्यावर 31 किलो आणि ॲम्बॅसेडरच्या घोड्यावर 29. शिवाय 400 सीसी जादा असल्यानं ॲम्बॅसेडरचं इंजिन कमी आरपीएमलाही ओढ सोडत नाही. गोम इथं आहे.

(घाटाचा रस्ता. दोन्ही गाड्या.)

चढ लागला की फियाट तिसऱ्या गिअरला कुरकुरते. स्टिअरिंगखालचा दांडा ओढून दुसरा टाकावा लागतो. ॲम्बॅसेडर मागून संथ येते, पण येत राहते. धक्के झेलायला मागं दोघींनाही पाटेच, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. पुढं फियाटला कॉइल स्प्रिंग, ॲम्बॅसेडरला टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई. खड्ड्यातून जाताना ॲम्बॅसेडर झुलते, फियाट प्रत्येक खड्डा सांगून जाते.

गावात मात्र डाव उलटतो. फियाट 3.9 मीटर लांब, ॲम्बॅसेडर 4.3. महाद्वार रोडच्या गर्दीत हा हातभर फरक फार मोठा असतो. मला विचाराल तर एकट्यानं फिरायला फियाटच. लग्नाच्या वऱ्हाडाला ॲम्बॅसेडर, यात वादच नाही.

सुट्या भागांची काळजी कोल्हापूरकराला कमीच. झिजलेल्या सिलिंडरला आतून कातून रिबोअर करायचा, नाही मिळाला तो बुश लेथवर करून घ्यायचा. उद्यमनगरात हे रोजचंच काम.

(पन्हाळा नाका. दुपार.)

फियाटचं बॉनेट उघडंय. मेस्त्रींनी फडकं गुंडाळून रेडिएटरच्या टोपणाला हात लावला आणि लगेच मागं घेतला. अजून गरम आहे. पाण्याची बाटली हातात धरून सगळे उभे. पुढच्या वेळी फियाटमध्ये तिघंच बसायचं, एवढं ठरलंय.

उरलेल्या दोघांत कोण, यावर झुणका-भाकर संपली तरी भांडण चालू आहे.