हत्तीरोगाचा जंतू डासाच्या अंगात काय करतो

नमस्कार मंडळी, आज हत्तीरोगाबद्दल बोलूया, पण सुजलेल्या पायापासून नाही, डासापासून सुरुवात करू. बऱ्याच जणांना वाटतं की डास म्हणजे इंजेक्शनची सुई, एकाचं रक्त दुसऱ्याला टोचलं की झाली लागण. तसं होत नाही हो. जंतूला डासाच्या अंगात साधारण १० ते १४ दिवस काढावे लागतात, तोपर्यंत तो डास कितीही जणांना चावला तरी हत्तीरोग पसरत नाही.

आपल्याकडे नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली भागात हा आजार जुना आहे. याचा जंतू म्हणजे एक कृमी, पूर्ण वाढलेले कृमी माणसाच्या अंगात वर्षानुवर्षं जगतात, मादी ८-१० सेंटीमीटर लांब, दिसायला पांढरा दोरा. तिची पिल्लं म्हणजे मायक्रोफायलेरिया, ती दिवसा फुफ्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांत बसून राहतात आणि रात्री १० ते २ च्या सुमाराला अंगभर फिरणाऱ्या रक्तात येतात, आणि हा रोग पसरवणारा क्युलेक्स डास चावतो तोही रात्रीच. म्हणून आरोग्यवाले रात्री दार वाजवतात, बोटाला टोचून काचेवर रक्त घेतात. लोक चिडतात, पण दिवसा घेतलं तर बहुतेक वेळा पिल्लं सापडतच नाहीत.

आता मादी डासाने रक्त प्यायलं. पोटात गेल्यावर पिल्लू अंगावरची खोळ टाकतं, काही तासांतच पोटाची भिंत भेदतं आणि थेट छातीत, पंख हलवणाऱ्या स्नायूंत जाऊन बसतं. तिथे ते आधी आखूड आणि जाड होतं, मग दोनदा कात टाकतं आणि शेवटी दीड मिलिमीटरची चपळ अळी होते. लॅबमध्ये असा डास मिठाच्या पाण्यात सुईने उकलला ना, तर ती अळी वळवळत बाहेर येते, अगदी जिवंत! पण एका पिल्लाची एकच अळी होते, मलेरियासारखे हजारो जंतू तयार होत नाहीत. आणि पिल्लं जास्त झाली तर डासच मरतो.

अळी मग डोक्याकडे सरकते, सोंडेत येते. डास चावायला बसला की ती कातडीवर उतरते आणि चाव्याच्या भोकातून स्वतःच आत शिरते. १८७७ मध्ये चीनमधल्या अमॉयला पॅट्रिक मॅन्सन या ब्रिटिश डॉक्टरांनी डासातली वाढ पाहिली, पण त्यांना वाटलं डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला लागण होते. सोंडेतली अळी दिसली ती १९०० मध्ये, जॉर्ज लो या डॉक्टरांना.

म्हणजे बघा, डास दोन आठवडे जगलाच नाही तर साखळी तिथेच तुटते. क्युलेक्स घाण पाण्यात वाढतो, तेव्हा संडासाच्या व्हेंट पाईपला जाळी बांधा, तुंबलेलं गटार मोकळं करा, मच्छरदाणी लावा.

आणि आरोग्य कर्मचारी वाटतात त्या हत्तीरोगाच्या गोळ्या घ्या. पाय सुजलेल्या माणसाच्या रक्तात बऱ्याचदा पिल्लं नसतातच, ती असतात धडधाकट दिसणाऱ्याच्या रक्तात, त्यामुळे "मला काय झालंय?" म्हणून गोळी खिशात टाकू नका, कर्मचाऱ्यासमोरच खा, उपाशीपोटी मात्र नको. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बायका आणि फार आजारी माणसं सोडून सगळ्यांनी. गोळीनंतर थोडा ताप आला, डोकं दुखलं तर बहुतेक वेळा ते अंगातले जंतू मरत असल्यामुळे असतं, एक-दोन दिवसांत उतरतं, त्रास जास्त वाटला तर आशाताईंना लगेच सांगा.