दऱ्या, दर्या आणि इंटरनेटचे नियम

श्रोतेहो, नमस्कार.

संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी आज एक काम आणलं आहे. मराठी माध्यमातून आलेल्यांनी तर ते जरूर हाती घ्यावं. इंटरनेटचे नियम ठरतात तिथे आपलं म्हणणं कसं पोचवायचं, त्याची ही सुरुवात. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा चालणारा एक संगणक आणि मराठी कळफलक, एवढं साहित्य पुरे.

वही घ्या आणि शब्द लिहा, 'दऱ्या'. डोंगरातल्या दऱ्या. सुटा करून सांगतो: द, मग खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य, शेवटी काना. वाचणाऱ्याला अक्षरं दोन, पण पायथनला लांबी विचारली तर उत्तर येतं 5. मजकूर बाइटमध्ये साठवण्याच्या युटीएफ-8 या रीतीत यातल्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात, म्हणजे एकूण 15. 'एक अक्षर म्हणजे एक बाइट' हे पाठ करून आलेला विद्यार्थी इथे अडखळतो. अडखळू द्या. ते वाक्य इंग्रजी मुळाक्षरांपुरतं खरं होतं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

आता हाच शब्द दुसऱ्या रीतीने लिहा. द, साधा र, हलन्त, त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह, मग य आणि काना. चिन्हं 6, बाइट 18. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतील, पण ते समान आहेत का असं विचारलं की पायथन 'फॉल्स', म्हणजे 'नाही', म्हणतो. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारं मानक. एकाच मजकुराची वेगळी रूपं एकसारखी करणारं त्याचं एनएफसी नावाचं प्रमाणीकरण करून पाहा, तरी उत्तर बदलत नाही. साधा र आणि वेगळा नुक्ता, म्हणजे खालचं टिंब, असं लिहिलं, तर मात्र एनएफसी ते दोन्ही जोडून टिंबाचा ऱ करतं. म्हणजे एक शब्द तीन प्रकारांनी लिहिता येतो. त्यातले दोन एकत्र येतात, तिसरा वेगळाच राहतो. यादीत असलेलं नाव शोधताना सापडत नाही, त्यामागे अनेकदा हेच कारण असतं.

पुढची पायरी महत्त्वाची. जॉइनर असलेला शब्द पायथनच्या अंगभूत 'आयडीएनए' एन्कोडिंगमधून पाठवा आणि परत वाचा. हाती येतं 'दर्या', म्हणजे समुद्र! हे एन्कोडिंग डोमेन नावांच्या, म्हणजे संकेतस्थळांच्या पत्त्यांच्या, 2003 च्या नियमांवर चालतं आणि त्या नियमांत जॉइनर गुपचूप गाळला जातो. भारतीय उपखंडातल्या काही लिप्यांना आणि फारसीला अशा चिन्हांवाचून शब्द नीट लिहिताच येत नाहीत, हे पुढे मान्य झालं. 2010 च्या नियमांत हलन्तानंतर जॉइनरला परवानगी मिळाली. 'डॉट भारत'सारख्या सर्वांत वरच्या पातळीच्या नावांत मात्र तो आजही चालत नाही. म्हणून नाव नोंदवायचं असेल तर टिंबाच्या ऱ ने लिहिणंच बरं.

आणखी एक चाचणी. मजकुरातून शब्द वेगळे काढण्यासाठी रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरातले नमुने शोधणाऱ्या सूत्रात, 'बॅकस्लॅश डब्ल्यू' वापरायला शिकवतात. पायथनच्या नेहमीच्या 're' मॉड्यूलला 'दऱ्या' द्या. तुकडे पडतात दोन, 'दऱ' आणि 'य'. हलन्त आणि काना त्याच्या लेखी शब्दाचा भागच नाहीत. मराठी नावं नाकारणारे फॉर्म बरेचदा अशाच एका ओळीमुळे अडतात.

आता हे न्यायचं कुठे? इंटरनेटचे बरेचसे तांत्रिक नियम आयईटीएफ (इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स) या मंडळात ठरतात. 1986 पासून ते चालू आहे. त्याला सभासदत्व नाही. ईमेल गटात नाव घालायला पैसे पडत नाहीत, पदवी कुणी विचारत नाही. वर्षातून तीन बैठका होतात, पण बैठकीत ठरलेलंही ईमेलवर पक्कं व्हावं लागतं. त्यामुळे घरी बसून लिहिणाऱ्याचं म्हणणंही तितकंच मोजलं जातं. मतदान नाही. शंभरजणांनी नुसतं 'मान्य' म्हटलं आणि एकाने तांत्रिक हरकत दाखवली, तर त्या हरकतीचं उत्तर द्यावंच लागतं. आपल्या माणसांची संख्या तिथे थोडी आहे, म्हणून हा नियम आपल्या फायद्याचा आहे.

सुरुवातीलाच नव्या नियमाचा स्वतःचा मसुदा लिहायला जाऊ नका. नवखे इथेच फसतात: मोठा प्रस्ताव टाकतात, कुणी उत्तर देत नाही, सहा महिन्यांनी मसुद्याची मुदत संपते. आधी डेटाट्रॅकरवर, म्हणजे आयईटीएफचे गट आणि मसुदे जिथे नोंदलेले असतात त्या संकेतस्थळावर, एक कार्यगट निवडा, त्याची सनद, म्हणजे त्याचं काम काय ते सांगणारा मजकूर, वाचा, त्याच्या ईमेल गटातला मागच्या तीन महिन्यांचा पत्रव्यवहार चाळा. मग चालू असलेला एकच मसुदा घ्या. नावाच्या शेवटी दोन अंकी आवृत्ती क्रमांक असतो, तो नवाच आहे ना हे पाहा. जुन्या आवृत्तीवरची टीका वाया जाते. नाव, पत्ता, मजकूर यांचा संबंध येतो तिथे आपला 'दऱ्या' घालून पाहा. ईमेलमध्ये एवढंच लिहा: कोणता मसुदा, कोणता परिच्छेद, काय दिलं, काय मिळालं, काय मिळायला हवं होतं. चिन्हांचे युनिकोड क्रमांक द्या, कारण नुसता शब्द चिकटवला तर वाटेत त्याचं रूप बदलू शकतं. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. तिथे लिहिणाऱ्या कित्येकांची ती मातृभाषा नाही. दोष मसुद्यात नसून पायथनसारख्या एखाद्या प्रणालीत असेल, तर तक्रार त्या प्रकल्पाकडे जायला हवी. हा फरक ओळखायला वेळ लागतो, पण तो शिकण्यासारखा आहे.

शिक्षकांना एक विनंती. हे काम चौघांच्या गटात द्या आणि कामं वाटून द्या: एक मसुदा वाचेल, एक टंकेल, एक उत्तर पडताळेल, एक अहवाल लिहील. दर वीस मिनिटांनी जागा बदला. नाहीतर घरी संगणक असलेला मुलगा कळफलक सोडत नाही आणि बाकीचे, त्यातही मुली, नुसत्या बघत राहतात. अहवाल प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये घ्या, त्याला टर्मवर्कचे गुण द्या. बाहेर पाठवण्याआधी तो दुसऱ्या गटाला करून बघायला सांगा. त्यांना तेच उत्तर मिळालं, की विद्यार्थ्यांनी स्वतःच्या नावाने ईमेल पाठवावी.