उरलं तर 304 परत नेईल

[दृश्य: रविवार, सकाळचे सात. सोसायटीच्या पार्किंगचा कोपरा, वर पत्रा. लाकडी बाकावर मिक्सर, घडी घातलेल्या चार पँटी, शेजारी लहान मुलाची सायकल.]

हा बाक घरात नको झालेल्या, पण चालणाऱ्या वस्तूंचा: ज्याला हवं त्याने फुकट न्यायचं. त्यावरच्या मिक्सरला मास्किंग टेपची पट्टी चिकटवली आहे. मार्करने लिहिलंय: ‘500 वॅट. मोटर चालू. कपलर झिजलाय. उरलं तर रविवारी रात्री 304 परत नेईल.’ 304 हा फ्लॅट नंबर.

कपलर म्हणजे मिक्सरचं भांडं जिच्यावर बसतं ती दातेरी चकती. तिचे दाते झिजले की मोटर घरघरते, पातं मात्र फिरत नाही. दुरुस्तीच्या दुकानात हे काही मिनिटांचं काम आहे. पट्टी नसती तर काय झालं असतं? कोणीतरी मिक्सर घरी नेला असता, लावून पाहिला असता आणि बिघडलाय म्हणून भंगारात घातला असता. चालती मोटर तांब्याच्या भावाने तोलली गेली असती.

आपल्याकडे जुन्या वस्तू दाराबाहेर ठेवून द्यायची पद्धत फार जुनी नाही. पूर्वी बोहारीण यायची. काही गल्ल्यांत अजून येते. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली, खांद्यावर कपड्यांचं गाठोडं. एका पातेल्यासाठी सहा कपडे की आठ, यावर दारात अर्धा तास घासाघीस. त्या अर्ध्या तासात ती प्रत्येक कपडा उजेडात धरायची. कॉलर, काख, चेन, मांडीजवळची विरलेली शिवण बघायची. साडी पूर्ण उलगडून काठ आणि पदर तपासायची. जे पुढे विकलं जाणार नाही ते तिथेच बाजूला काढायची.

फुकट ठेवलेल्या वस्तूला असा तपासणारा कोणी नसतो. म्हणून बोहारणीची नजर आता ठेवणाऱ्याने स्वतःकडे घ्यायची.

[दृश्य: गच्चीवर दोरीला वाळत घातलेले कपडे. खिसे उलटे काढणारे हात.]

कपड्यांपासून सुरुवात. धुवायचे, कडक उन्हात वाळवायचे, खिसे उलटे करायचे. चेन तीनदा वर-खाली करून बघायची. एक बटण नसेल तर लावायचं. दोन मिनिटं लागतात, आणि बटण नसलेला शर्ट सहसा बाकावरच राहतो. पँटीवर कमरेचं माप, मुलांच्या कपड्यांवर वय लिहायचं. पंजाबी ड्रेस असेल तर सलवार, कमीज आणि ओढणी एकाच पिशवीत. साडीबरोबर तिचं ब्लाऊज. चपला-बुटांची जोडी नाडीने किंवा सुतळीने एकत्र बांधायची. एक बूट इकडे, एक तिकडे झाला की दोन्ही वाया जातात. आतले कपडे ठेवायचे नाहीत. फाटकं, डाग पडलेलं इथे आणायचंच नाही. मऊ सुती साड्या आणि धोतरं गोधडीला जातात, बाकीच्याचं पायपुसणं होतं. गोधडी शिवणारीला विचारा: नवं कापड तिला आवडत नाही, सुई अडते.

स्वयंपाकघरातली गफलत वेगळी असते. कुकर ठेवला, शिट्टी घरातच राहिली. डबे ठेवले, झाकणं दुसऱ्या फडताळात. कुकरवर कंपनी आणि लिटर लिहावं, कारण रिंग त्याच मापाची लागते. रिंग कडक झाली असेल तर तसं लिहावं. सेफ्टी व्हॉल्व्ह काढून तिथे भलतंच काही बसवलं असेल, किंवा झाकणाची कड वाकली असेल, तर तो कुकर कोणालाही देऊ नये. सरळ भंगारात. नेणाऱ्याच्या घरात तो बहुधा लहान खोलीत, मुलांच्या शेजारी चढणार आहे.

प्लॅस्टिकची खुर्ची, स्टीलचा पलंग, लोखंडी मांडणी हातोहात जाते. पार्टिकल बोर्डचं कपाट मात्र फसवं. भुसा आणि डिंक दाबून केलेला तो बोर्ड. एकदा पाणी प्यायला की पाय फुगतात आणि स्क्रू धरत नाहीत. शिवाय उघडून पुन्हा जोडताना जुन्या भोकांत स्क्रू सैल बसतात. म्हणून असं कपाट जोडलेलंच द्यावं. उघडावंच लागलं, तर सगळे स्क्रू एका पिशवीत घालून ती पिशवी फळीच्या आतल्या बाजूला चिकटवावी. जून ते सप्टेंबर तर ते बाहेर ठेवूच नये. पत्र्याखालीसुद्धा तिरपा पाऊस येतो.

[दृश्य: गादीच्या शिवणीवर टॉर्चचा उजेड. काळे ठिपके.]

गादी बाहेर काढण्याआधी टॉर्च घ्या. चारही कोपरे, शिवण, आणि पलंगाच्या फळ्यांचे सांधे बघा. शाईचे टिपके सांडल्यासारखे काळे ठिपके दिसले तर तिथे ढेकूण आहेत. ढेकूण काही महिने उपाशी राहू शकतो, म्हणून गादी पंधरा दिवस बाहेर पडून होती, आता चालेल, हा हिशेब चुकतो. अशी गादी ठेवायची नाही. टाकायची झाली तर कापड मध्यभागी उभं फाडून वर ‘ढेकूण’ असं मोठं लिहायचं, म्हणजे कोणी चुकून नेणार नाही. ढेकूण नसलेली कापसाची जुनी गादी मात्र मोलाची असते. पिंजाऱ्याने कापूस पिंजून दिला की नवी खोळ घालून ती पुन्हा फुगते.

काही वस्तू या बाकावर कधीच येऊ नयेत. जुना फ्रिज त्यातला पहिला. लपाछपी खेळणारं मूल आत शिरतं आणि दार आतून उघडत नाही. फ्रिज दोन तास जरी खाली ठेवायचा असेल, तरी दार बिजागरीतून काढा किंवा दोरीने घट्ट बांधा. दुसरा, मोठ्या पेटीचा जुना टीव्ही. त्याच्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं, आणि नळीच्या मानेवर तांब्याची कॉइल. तांब्यासाठी काच हातोडीने फोडली जाते, शिसं मागे राहतं. असा टीव्ही, बॅटऱ्या आणि बंद मोबाईल ई-कचरा संकलन केंद्रात द्यावेत. चालू मोबाईल द्यायचा असेल तर सिम आणि मेमरी कार्ड काढा, आधी खात्यांतून बाहेर पडा, मग रीसेट करा. खात्यातून बाहेर न पडता रीसेट केलेला फोन घेणाऱ्याकडे कुलूपबंद होऊ शकतो.

आणि देवाच्या तसबिरी. वडाच्या, पिंपळाच्या पारावर त्या रांगेने उभ्या दिसतात. ठेवणाऱ्याचा भाव खरा असतो, पण दुसऱ्याच्या घरातली तसबीर सहसा कोणी नेत नाही. पाऊस पडतो, काच फुटते, पारावर अनवाणी येणाऱ्या बाईच्या पायात जाते. तसबीर घरीच उघडावी. काच वर्तमानपत्रात गुंडाळून सुक्या कचऱ्यात वेगळी द्यावी, फ्रेम लाकडात किंवा धातूत जाईल. चित्राचा कागद निर्माल्यासाठी सोय असेल तिथे द्यावा.

[दृश्य: रस्त्याकडेची रंगवलेली भिंत, हुक, हँगर.]

2015च्या हिवाळ्यात इराणमधल्या मशहद शहरात एका भिंतीला हुक लावले गेले आणि शेजारी लिहिलं गेलं: गरज नसेल तर ठेवून जा, गरज असेल तर घेऊन जा. पुढे पाकिस्तानात, भारतात तशा भिंती उभ्या राहिल्या. महाराष्ट्रात त्यांना ‘माणुसकीची भिंत’ हे नाव पडलं. 2023मध्ये केंद्र सरकारच्या ‘मेरी लाइफ, मेरा स्वच्छ शहर’ मोहिमेत शहराशहरांत ट्रिपल आर (रिड्यूस, रीयूज, रीसायकल: कमी वापरा, पुन्हा वापरा, पुनर्प्रक्रियेला द्या) केंद्रं उघडली; तिथे कपडे, पुस्तकं, खेळणी, चपला स्वीकारल्या जाऊ लागल्या.

भिंत उभी करणं सोपं. ती बिघडते ती दिवाळीनंतर. आवरासावर झाल्यावर एका आठवड्यात गाठोडीच्या गाठोडी येऊन पडतात. हुक भरले की कपडे जमिनीवर येतात. रात्री कुत्री त्यांवर झोपतात, एक पाऊस होतो, आणि ओल्या चिंध्यांच्या ढिगावर कोणीतरी पहिली कचऱ्याची पिशवी टाकतो. एक पिशवी पडली की दुसरी पडायला वेळ लागत नाही.

म्हणून दहा फुटांच्या भिंतीला तीसच हँगर ठेवा. वर दोन फुटांचा छज्जा हवा, खालची फळी जमिनीपासून एक फूट वर. मुलांचे कपडे मुलांच्या हाताला लागतील इतके खाली. ‘हुक रिकामा नसेल तर घरी परत न्या’ हे मराठीत आणि हिंदीत लिहा. आणि फलक रंगवण्याआधीच भिंत रिकामी करणाऱ्या दोघांचा वार ठरवा. हे दोघे मिळत नसतील तर भिंत उभी करू नये, असं आम्ही ठामपणे म्हणतो.

कोणी एकटाच येऊन पोतं भरून नेतो, अशी तक्रार हमखास येते. त्याला अडवू नये. तो ते जुन्या बाजारात विकेल. तिथून घेणाराही तो कपडा अंगावरच घालणार आहे.

सोसायटीच्या फाटकात मात्र खरी अडचण वेगळी असते. घरकामाला येणाऱ्या मावशी बाकावरचा कुकर पिशवीत घालतात आणि बाहेर पडताना वॉचमन पिशवी उघडायला लावतो. चारचौघांत चोरीचा संशय. एकदा असं झालं की त्या पुन्हा बाकाकडे बघत नाहीत. उपाय साधा आहे: बाकाला सुतळीने एक वही बांधा. ठेवणाऱ्याने वस्तू आणि फ्लॅट नंबर त्यात लिहावा. नेणाऱ्याचं नाव विचारायचं नाही. वॉचमनला त्याच सकाळी तोंडी सांगावं, की या बाकावरचं सगळ्यांसाठी आहे. बाक जिन्यात, जिन्याखाली किंवा मीटरच्या पेटीसमोर नको. आग लागली तर तीच वाट मोकळी लागते. फाटकाबाहेर फुटपाथवरही नको.

वेळ रविवारी सकाळी सात ते रात्री नऊ. एवढी पुरते. चांगलं असतं ते बहुतेक दुपारपर्यंत जातं.

[दृश्य: रात्रीचे नऊ. बाकावर एक पँट आणि काचेची बरणी. मिक्सर नाही, सायकल नाही.]

पँटीवर माप लिहिलेलं नाही. 304 ती घरी नेईल, टेपने कंबर मोजेल आणि पुढच्या रविवारी पुन्हा ठेवेल. बरणीला झाकण नाही, ती काचेच्या पोत्यात जाईल. चिकटपट्ट्यांचे तुकडे खरवडून काढायचे, वहीत तारीख टाकायची, आणि बाक उलटा करून भिंतीला टेकवून ठेवायचा.