दप्तरखान्यातले दोन दिवस

नमस्कार श्रोतेहो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, जिथून ऐकत असाल तिथून ऐका. आज कोर्टातल्या कारकुनांच्या पगाराबद्दल बोलायचं आहे. बेंच क्लार्क, टायपिस्ट, नकला देणारे, समन्स घेऊन गावोगाव हिंडणारे बेलिफ, ही मंडळी. निकाल न्यायाधीश देतात, पण तो आपल्या हातात पडतो यांच्यामुळे.

मला हे उमगलं ते शेताच्या वाटेपायी. खानापूर तालुक्यात आमचं भाताचं शेत. भावकीनं गाडीवाट अडवली. आजी म्हणायची, "वाट कागदात हाय रे, तुझ्या आज्ज्यानं दाव्यात घातलाय." दावा १९४१ चा, मुंबई इलाख्यातला, अन् त्यातलं वाटणीपत्र मोडीत! नकलेचा अर्ज घेऊन मी दप्तरखान्यात गेलो. आषाढाचा पाऊस, एका कोपऱ्यात गळतीखाली बादली. तिथले कारकून काका कन्नड बोलणारे, पण माझ्याशी मराठीतच बोलले. "बसा की हो," म्हणाले आणि लाल कापडाचे रुमाल, म्हणजे जुन्या कागदांची गाठोडी, सोडायला लागले. कागद पोस्टकार्डाच्या कडेनं उचलायचे, बोट म्हणून लावायचं नाही. दुपारी त्याच टेबलावर भाकरी आणि शेंगाचटणी, की पुन्हा रुमाल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पावणेसातला त्यांनी हाक मारली. मोडी त्यांना वडिलांनी शिकवलेली. अक्षर लावत लावत वाचलं, "पूर्वेस ओढा, ओढ्याचे कडेनं गाडीवाट..." माझे डोळे भरून आले.

घरातले जुने कागद लॅमिनेशन करू नका, सुती कापडात बांधून ठेवा.

तर काकांची शेवटची बस चुकली, म्हणून मी गाडीवरनं घरी सोडलं. विचारलं, "एवढ्या उशिराचं काही मिळतं का?" म्हणाले, "कुठलं हो. पोरीच्या फीसाठी सोसायटीचं कर्ज काढलंय." अठरा वर्षं नोकरी, बढती एकदाच.

खालच्या कोर्टांतल्या न्यायाधीशांचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार ठरवायला न्यायमूर्ती जगन्नाथ शेट्टी आयोग १९९६ साली नेमला गेला. कर्मचाऱ्यांविषयीचा त्याचा अहवाल आला २००३ साली. त्या शिफारशी १ एप्रिल २००३ पासून लागू करा, असं सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना सांगितलं ते ऑक्टोबर २००९ मध्ये. साडेसहा वर्षं! २०१७ साली दुसरा आयोग बसला, तो न्यायाधीशांसाठी. न्यायाधीशांना चांगला पगार हवाच. पण रुमाल सोडणाऱ्याचं काय? पुन्हा सांगतो, निकाल आपल्या हातात पडतो तो यांच्यामुळे.

उशिरापर्यंत थांबवलं तर त्याचे पैसे द्या. जांबोटीकडे पावसात समन्स घेऊन जाणाऱ्या बेलिफाला आज लागतं तेवढं पेट्रोल द्या. रिकाम्या जागा भरा, बढत्या वेळेवर करा. आमच्या गाडीवाटेनं या सुगीलाही भात घरी आलं. काका निवृत्त झालेत. ती नक्कल आजीच्या ट्रंकेत आहे, सुती कापडात बांधून.

नमस्कार.