आधी पाण्याची वाट, मग माती

नमस्कार श्रोतेहो.

ठाण्याहून कळव्याला जाताना नव्या पुलावरून आपण झरकन निघून जातो. 2022च्या नोव्हेंबरात तो सुरू झाला, आणि शेजारचा वाहनांना बंद असलेला ब्रिटिशकालीन पूल आपल्या मनातूनच उतरला. मला फार वाटतं की त्याची नीट तपासणी करून त्यावर बाग फुलवावी. खाडीचा वारा खात आजी-आजोबांनी बसावं अशी जागा आपल्याकडे आहेच कुठे?

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये शेलबर्न फॉल्स नावाचं छोटं गाव आहे. तिथे 1908 साली ट्रॉलीगाडीसाठी, म्हणजे ट्रामसाठी, 400 फुटांचा पूल बांधला. पुढे कंपनी बुडाली, पुलावर रान माजलं. पाडावा तर त्यातूनच पाण्याची मोठी पाइपलाइन गेलेली. अँटोनेट बर्नहॅम या बाईंच्या मनात आलं, इथे एवढं तण वाढतं तर फुलं का नाही वाढणार? महिला मंडळानं मनावर घेतलं आणि 1929मध्ये 80 खेपा माती पुलावर चढली.

पण माती चढवण्याआधी माझ्या मावशीची गोष्ट ऐका.

मावशी खारेगावात राहते. एका उन्हाळ्यात तिनं गच्चीवर विटा रचून वाफे केले आणि दोन टेम्पो लाल माती वर चढवली. मोगरा, जास्वंद, अळू, सगळं लावलं. काका म्हणाले, "अगं, पाणी कुठून जाणार?" मावशी म्हणाली, "भोक आहे ना कोपऱ्यात!"

जुलैत मध्यरात्री काकांच्या कपाळावर थेंब पडला. मग उशीवर. मग कपाटावर. घरातली पातेली, परात, दुधाचा टोप, सगळं जमिनीवर मांडलं. काका बॅटरी घेऊन वर गेले तर गच्चीत घोट्याच्या वर पाणी. कोपऱ्यातल्या भोकात त्यांनी कोपरापर्यंत हात घातला आणि चिखल-पाल्याचा एवढा मोठा गोळा बाहेर ओढला. गट् गट् करत पाणी उतरलं, आणि खाली अंगणात मावशी रडत होती. सकाळी आलेला गवंडी वाफ्यांकडे बघत एवढंच म्हणाला, "बाई, ओझं एक वेळ चालतं. साचलेलं पाणी नाही चालत."

आठवडाभर घमेल्यांनी माती उतरवली. मग तळाला विटांचे रोडे, त्यावर गोणपाट, वर नारळाच्या काथ्याचा भुसा आणि थोडीशीच माती. भोकाला जाळी. पुढच्या वर्षी मोगरा असा फुलला की मावशीनं अख्ख्या आळीला गजरे वाटले.

तेव्हा पुलाचंही तेच. आधी पाण्याची वाट, मग माती. एक ब्रास माती, म्हणजे 100 घनफूट, ओली झाली की 5 टनांच्या आसपास भरते. बस पुलावरून जाते आणि ओझं उतरतं. माती मात्र रात्रंदिवस तिथेच असते. म्हणून उथळ वाफे, हलकं मिश्रण. खाऱ्या वाऱ्याला टिकणारी कण्हेर, बोगनवेल, सदाफुली. वड, पिंपळ, उंबर मात्र नकोतच, त्यांची मुळं सांध्यात शिरतात आणि बांधकाम उलतं. महाडचा सावित्रीवरचा जुना पूल 2 ऑगस्ट 2016च्या रात्री पुरात वाहून गेला. तेव्हापासून जुन्या पुलाची तपासणी हा शब्द मी हलक्यानं घेत नाही.

आणि एक सांगते, उद्यान म्हटलं की जिथे तिथे पेव्हर ब्लॉक बसवायचे, हे मला मुळीच पटत नाही. सोसायट्यांतही तेच चाललंय. पारिजातकाचा सडा मातीवर पडू द्या हो! मुलांनी तो ओंजळीत घ्यावा.

तर पुन्हा सांगते, आधी पाण्याची वाट, मग माती. या पावसात कळव्याला जाल तेव्हा जुन्या पुलाच्या कठड्याकडे बघा. फटीत कुठे पिंपळाचं रोपटं दिसलं, तर महापालिकेला जरूर कळवा.

नमस्कार.